दोरी, पाणी आणि शालिकभाऊ

शालिकभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्याच फरशीवर तांब्याभर पाणी ओतून उकिडवे बसले होते. पाणी कुठल्या बाजूला जातं ते एकटक पाहत होते. माझी जीप दारात उभी, हॉर्न दोनदा वाजवून झालेला, पण त्यांनी मान वर केली नाही. पाणी जिथल्या तिथे पसरलं, तेव्हा कुठे उठले आणि म्हणाले, "बराबर हाय. आता बोला."

"नवीन फरशी आहे का?" मी विचारलं.

"बारा वर्साची हाय. म्हणूनच पाह्यलं. कालची जमीन आज तशीच राहीन, हे कोणं सांगितलं?"

बालाघाटच्या बसस्टँडपासून थोडं पुढे, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत त्यांचं दुकान होतं. गाडीच्या चाकांची अलाइनमेंट, म्हणजे चारही चाकं एका रेषेत आणि सरळ चालताहेत की नाहीत हे पाहून दुरुस्त करायचं, एवढं एकच काम ते करत. तेही यंत्राशिवाय. चार लोखंडी स्टँड, नायलॉनची दोरी आणि एक टेप. गाडीच्या दोन्ही अंगांनी दोरी ताणायची आणि प्रत्येक चाक दोरीपासून, आणि मागचं चाक पुढच्यापासून, किती लांब आहे ते मोजायचं. काम सुरू करण्याआधी ते टेपसुद्धा पोलादी पट्टीला लावून पाहत. मला हा सगळा प्रकार गिऱ्हाइकाला भुलवायची नौटंकी वाटली. मी विज्ञान शिकवणारा मास्तर. पाणी, दोरी असलं काही पाहिलं की मला आधी संशय येतो.

त्यांच्याकडे जायची वेळ माझ्यावर माझ्याच हुशारीने आणली होती. माझी बायको सुनंदा नर्स आहे. तिचं उपकेंद्र बैहरकडच्या जंगलातल्या एका गावात. ती जीप स्वतः चालवत घाट चढून जाते, आणि अडलेली बाई असली तर तिला घेऊन खाली जिल्हा रुग्णालयात येते. गावाआधीच्या नाल्यात जीपचं पोट दगडांना घासायचं. मी मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले आणि एका रविवारी अंगणातच जीप उंच केली. पुढच्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, लोहाराकडून एक जास्तीचा पाटा घालून घेतला. मागे एक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, आणि पाटे यांच्या मध्ये ठोकळे सरकवले. जीप चार बोटं वर उठली. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

तेव्हापासून ती डावीकडे ओढायला लागली. आमच्या घाटात उतरताना डावीकडे दरी आहे.

आधी मी शहरातल्या एका कॉम्प्युटरवाल्या दुकानात गेलो. त्यांनी पुढची चाकं तपासली, दुरुस्त केली आणि सगळे आकडे हिरवे असलेला कागद हातात दिला. आठ दिवसांत जीप पुन्हा डावीकडे. मग कोणीतरी शालिकभाऊंचं नाव सांगितलं.

त्यांनी जीपखाली वाकून पाहिलं. "गाडी कोणं उचलली?"

"गोंदियाच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली," मी म्हणालो. अंगणात केली म्हणायची लाज वाटली.

"हौ," ते म्हणाले. या माणसाच्या 'हौ'चा अर्थ मला कधीच लागला नाही. 'कळलं' असाही असायचा आणि 'तू फेकून राह्यला' असाही. मग त्यांनी मागच्या ठोकळ्यांकडे बोट केलं. त्यांच्यावर डांबराचा जाड थर होता आणि वर नाल्याचा चिखल. "हे लोखंडाचे हायेत ना?"

"लोखंडाचेच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढच्या चाकाकडे वळले. तासाभरात जीप सरळ झाली. स्टिअरिंग सोडलं तरी नाकासमोर जात होती. मी मनात म्हटलं, चला, नौटंकीचा उपयोग झाला.

आठवडा गेला आणि सुनंदा म्हणाली, "पुन्हा ओढते आहे." जरा थांबून तिने विचारलं, "दाराच्या चौकटीचे उरलेले सागाचे तुकडे होते ना न्हाणीमागे, ते कुठे गेले?" मी म्हटलं, असतील तिथेच. ती माझ्याकडे पाहत राहिली. आमच्या घरात संशयाची सुरुवात अशीच होते, सामान हरवण्यापासून.

शालिकभाऊंनी पुन्हा मोजलं. या वेळी मागचं उजवं चाक एक सूत मागे सरकलं होतं; एक बाजू लांबली की गाडी दुसऱ्या, आखूड बाजूला वळते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मला वाटलं, आता हे माझ्यावर घसरणार. पण त्यांनी संशय घेतला तो आपल्या दोरीवर. "दोरी जुनी झाली. ताणून राह्यली असन," म्हणाले, आणि बाजारातून नवी दोरी आणली. आकडा तोच. मग पुन्हा पाणी ओतलं. जमीन सरळ. मग टेप माझ्या हातात दिला आणि पाठ करून उभे राहिले. "मास्तर, तुमी वाचा. माझे डोळे खोटं बोलत असतीन." मी वाचलेला आकडाही तोच आला. त्यांनी नटबोल्ट आवळून चाक जागेवर आणलं आणि म्हणाले, "आठ दिवसानं पुन्हा आणा. मले समजलं नाई."

'मला समजलं नाही' असं म्हणणारा मेकॅनिक मी तोवर पाहिला नव्हता. आता खरं सांगतो, मला तेव्हा आदर वाटला नाही, संशयच वाढला. मला वाटलं, हा मुद्दाम काहीतरी ढिलं सोडतो. येत राहावं आम्ही याच्या दारी, असा याचा डाव आहे. स्वतःच्या ठोकळ्यांची आठवण मला येत होती, नाही असं नाही. पण ती मी शिताफीने बाजूला सारत होतो. साग पाण्यात चाळीस वर्षं टिकतो. एके काळी आगगाडीचे रूळसुद्धा लाकडाच्या स्लीपरवरच होते. मग माझी एवढीशी जीप सागावर का उभी राहणार नाही? बालाघाटच्या माणसाचा सागावर जेवढा विश्वास असतो तेवढा सख्ख्या भावावर नसतो.

तिसऱ्या खेपेला सुनंदा सोबत होती. गावातल्या एका बाईचे दिवस भरत आले होते, पहिल्या वेळी तिचं मूल हातचं गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घाटातून खाली आणायचं ठरलं होतं. शालिकभाऊंनी दोरी बांधली, मोजलं, पुन्हा मोजलं. उजवं चाक तीन सूत मागे होतं. त्यांनी जीपची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"सिस्टरबाई, गाडी नाई देत."

"काहून?" सुनंदा त्यांच्याच बोलीत बोलली. तिचं माहेर कटंगीकडचं.

"काहीतरी सरकून राह्यलं, आन काहून सरकते थे मले सापडत नाई. घाटात मागचं चाक तिरपं झालं तं तुमी आन थे बाई दोघीबी जासान."

मी भडकलो. "तुम्हीच काहीतरी ढिलं सोडता. आम्ही परत परत यावं म्हणून!"

शालिकभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी हात फडक्याला पुसले. मग बोटं मोजत म्हणाले, "दोरी बदलली. जमीन पाह्यली. माझे डोळे पाह्यले. नट आवळले थे तुमच्यासमोर आवळले. आता पाहाचं काय राह्यलं, तुमीच सांगा मास्तर."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, जीपखाली पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"ते चौकटीचे तुकडे," ती म्हणाली. "पंधरा दिवसांपासून विचारते आहे मी."

वर्गात एखाद्या पोराची चोरी उघडी पडते तेव्हा तो कसा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतो, ते मी वीस वर्षं पाहत आलोय. त्या दिवशी मी स्वतः तेच करत उभा होतो. मी म्हणालो, "ठोकळे लोखंडाचे नाहीत. सागाचे आहेत. मीच बसवले. घरी."

शालिकभाऊंनी जॅक ओढून आणला. जीप जॅकवर घेतली, खाली सरकले, एक्सलला आवळून धरणारे बोल्ट सोडले आणि उजवा ठोकळा ओढला. तो अर्धाच हातात आला. उरलेला अर्धा आत चिकटून राहिला होता. डांबराखाली लाकूड दाबून दाबून चपटं झालं होतं आणि रेषेरेषेने उभं चिरलं होतं. लाकूड दबलं की बोल्ट ढिले होत आणि एक्सल मागे सरके. प्रत्येक वेळी शालिकभाऊ बोल्ट आवळत, आणि लाकूड आणखी दबे. दोन बोल्टांच्या चिमटीत ते दोन तुकडे कसेबसे धरलेले होते.

त्यांनी बाहेर येऊन ते तुकडे सुनंदाच्या हातात दिले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सारं मोजलं सिस्टरबाई. मास्तरचा शब्द तेवढा मोजला नाई. वाटलं, मास्तर हाय, खोटं कायले बोलन?"

ज्या माणसाचा आपल्या फरशीवर, आपल्या टेपवर, आपल्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, त्याने फक्त माझ्यावर ठेवला होता. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी लोखंडाचे ठोकळे बनवून बसवले, नवे बोल्ट घातले आणि चारही चाकं दोरीला लावली. दुसऱ्या दिवशी ती बाई घाट उतरून आली. तिला मुलगी झाली.

मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हौ." या 'हौ'चाही अर्थ मला लागला नाही. पण त्यानंतर मी रविवारी त्यांच्याकडे जायला लागलो. ते काम करत, मी बाजूला बसून चहा पीत असे. माणसांबद्दल ते कधी वाकडं बोलत नसत. वाकडं बोलत ते आपल्या हत्यारांबद्दल. "टेपवर नजर ठेवा लागते मास्तर. टेप मोठा बेइमान असते." मी मनात म्हणायचो, आमच्याकडे उलटं आहे. आम्ही दुसऱ्यापासून सुरुवात करतो आणि स्वतःपर्यंत येईस्तोवर दमून जातो.

पुढे त्यांची साखर वाढली आणि नजर मंद होत गेली. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. गिरणीला आता कुलूप आहे. पण मला आठवतो तो त्याआधीचा एक रविवार. वारासिवनीहून कोणाची तरी जीप आली होती. शालिकभाऊंनी दोरी बांधली, चाकापाशी वाकले, डोळे बारीक करून टेपकडे पाहत राहिले, आणि मग टेप माझ्यापुढे धरला.

"मास्तर, मले दिसत नाई. किती हाय?"

मी वाचलं. "सात इंच, दोन सूत."

पूर्वीसारखं ते पुन्हा वाचायला सांगतील म्हणून मी टेप धरूनच होतो. पण ते "हौ" म्हणाले आणि पाना घेऊन जीपखाली सरकू लागले.

"थांबा शालिकभाऊ," मी म्हणालो, आणि पुन्हा मोजलं.