दवाखान्याचा वास

पूजानं मीटरमध्ये फुंकर मारली आणि काटा दोनशे चाळीसवर अडकला. मागच्या खेपेपेक्षाही खाली.

हे मीटर म्हणजे हातात मावणारी प्लॅस्टिकची नळी. जोरात फुंकायचं. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर काटा लांब जातो, आवळल्या असतील तर लवकर थांबतो. मी बीडमध्ये छातीचा डॉक्टर आहे, त्यामुळे दिवसभर लोकांना फुंकायला लावतो.

पूजा उमापूरची, दम्याची पेशंट. तीन आठवड्यांवर पोलीस भरतीचं ग्राउंड होतं. आठशे मीटर पळायचं होतं.

"पळणं बंद," मी म्हणालो. "यंदाची भरती सोड."

तिची आई मधे पडली.

"डॉक्टरसाहेब, घरी ही लई पळती. हितं आली की धापा टाकती."

"मावशी, मीटर खोटं बोलत नाही."

"मंग घरचं मीटर खोटं बोलतं व्हय?"

घरी रोज फुंकून आकडा वहीत लिहायला मीच सांगितलं होतं. वहीत पानभर तीनशे ऐंशी, तीनशे नव्वद. मी डॉक्टरी अनुभवाच्या जोरावर ठरवलं की पोरीनं आदल्या रात्री बसून सगळे आकडे लिहिलेत. पेशंट असं करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल मीही असंच भरायचो.

"डॉक्टरला बघून छाती भरते काही जणांची," मी समजावलं.

"सर, मला तुमची भीती न्हाई वाटत," पूजा म्हणाली. "बाहेर जाऊन फुंकू का?"

ती समोरच्या लिंबाखाली रिक्षावाल्यांच्यात जाऊन बसली. अर्ध्या तासानं फुंकलं. तीनशे चाळीस. एका रिक्षावाल्यानं टाळ्या वाजवल्या. दुसरा म्हणाला, "डॉक्टरलाच बाहेर बसवा बे, फरक पडतोय."

मी वेटिंग रूममध्ये परतलो. पेशंटच्या बाकड्याच्या बरोबर वर भिंतीत 'फुस्स' झालं.

ते सुगंधाचं मशीन माझीच हौस. दर पंधरा मिनिटांनी मोगऱ्याचा फवारा. 'डॉक्टर, तुमच्याकडं दवाखान्याचा वास येतो,' असं कुणीतरी म्हणालं होतं. दवाखान्याला दवाखान्याचा वास येतो याची मला लाज वाटली. त्यात कंपाउंडर बाबूराव रोज देवापुढं पाच अगरबत्त्या लावायचे, खिडक्या बंद करून, कारण वारा आला की विझतात.

साधी गोष्ट आहे. सुगंधानं हवा स्वच्छ होत नाही. हवेत आणखी रसायनं मिसळतात, एवढंच. पुष्कळांना काही होत नाही. पण दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो. चांगले मार्कही होते.

मशीन काढलं. खिडक्या उघडल्या. अगरबत्तीवर बाबूराव अडले.

"देवाची काय तक्रार न्हाई. तुमी कावून करताय?"

"देवाला दमा नाही, बाबूराव."

देव पोर्चमध्ये गेले. भरतीचा निर्णय मी एक आठवडा पुढं ढकलला.

पुढच्या खेपेला पूजा वेटिंग रूममध्ये तासभर बसली. तीनशे सत्तर. मी खूश. तिला केबिनमध्ये बोलावलं, छाती तपासायला वाकलो, आणि ती खोकायला लागली. मी टेबलाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं. काही सापडेना.

मावशींनी नाक आक्रसलं. "साहेब, वास तुमच्याच अंगाला येतोय."

माझा एक पेशंट अत्तरवाला. गुण आला म्हणून त्यानं माझ्या मनगटावर खसाचं अत्तर चोळलं होतं आणि जाताना कुपी दिली होती. तेव्हापासून मी रोज शर्टाला लावत होतो. दम्याचा डॉक्टर, अत्तर लावून, दमेकऱ्याच्या नाकाशी!

मी कोपरापर्यंत हात धुतले आणि बाबूरावांचा जादा शर्ट घातला. त्या दिवशी निम्म्या पेशंटनी बाबूरावांनाच डॉक्टर समजून गोळ्यांच्या वेळा विचारल्या. पूजाला मात्र मी व्हरांड्यात तपासलं. छाती मोकळी होती. पळायच्या आधी इन्हेलर घ्यायला सांगितलं आणि भरती सोडायचा सल्ला परत घेतला.

ती ग्राउंड पास झाली. पुढं लेखीही.

पहिल्या खेपेला मी तिला विचारलं होतं, घरात चूल आहे का, मांजर आहे का, कोंबड्या आहेत का. दवाखान्यात काय आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

परवा ती खाकी वर्दीत आली. दारातच थांबली, हवा हुंगली.

"सर, मी आत येऊ, का तुम्ही बाहेर येताय?"

मी बाहेर गेलो. पोलिसांशी वाद घालू नये.