शोभा अध्यक्ष, मी उपाध्यक्ष

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या बिस्किटांच्या कंपनीत युनियन झाली, तेव्हाचे किस्से आम्ही बायका अजून डबा खाताना काढतो. दरवेळी एखादा नवा निघतोच. त्यातले बरेचसे शोभाचे असतात, हेच मला खुपतं. शोभा पॅकिंगला माझ्यामागून लागली. खोक्याला टेप कशी मारायची ते तिला मीच शिकवलं.

*

नवा कामगार कायदा आला तशी कॅन्टीनमध्ये वादावादी सुरू झाली. फोर्कलिफ्टवाले तात्या म्हणायचे, आता युनियन काढणं मुश्किल केलंय. मी सुट्टीचा अख्खा दिवस मोबाइलवर तो कायदा वाचला. दुसऱ्या दिवशी आमच्या कऱ्हाटी गावाहून येताना शोभाच्या स्कूटीवर मागं बसून तिला सगळं सांगितलं. अर्जावर सात जणं लागतात, पण कामगारांतले दहा टक्के तरी सोबत हवेत.

दुपारी तात्यांनी विषय काढला. मी तोंडातला घास गिळेपर्यंत शोभा घडाघडा बोलून मोकळी!

तात्या म्हणाले, "ही पोरगी वकील व्हायची हुती."

*

अर्ज मी लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं. अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर मात्र सगळ्यांच्या माना शोभाकडं वळल्या. मला उपाध्यक्ष केलं.

घरी आमच्या ह्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. हे चहा पीत म्हणाले, "बरं झालं. आन अध्यक्ष कोण?"

*

मेंटेनन्सच्या पोरांना बाई अध्यक्ष नको होती. ते दुसरी युनियन काढायला निघाले. मग त्यांना कळलं, पॅकिंगच्या बायका आल्याशिवाय आकडा होत नाही. त्यांच्यातला एकजण मला गेटवर गाठून म्हणाला, "ताई, आमच्याकडं या. तुमाला अध्यक्ष करतो."

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी त्याला नाही म्हटलं नाही. शोभालाही काही बोलले नाही. पण नव्या कायद्यात वाटाघाटीला बसायचं तर शंभरातले एक्कावन्न एका युनियनकडं लागतात. आम्ही फुटलो असतो तर तेवढे कुणाकडंच राहिले नसते आणि साहेबांनी दोन्ही युनियनना खेळवलं असतं. तिसऱ्या दिवशी मी नाही म्हणून सांगितलं. ते सगळे निमूट आमच्यात आले.

कॅन्टीनमध्ये बोलणं झालं, शोभानं युनियन फुटू दिली न्हाय.

*

रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी एकदा साहेबांनी शोभाला वर बोलावलं. कामाच्या वेळेत सह्या गोळा केल्या म्हणून नोटीस दिली. त्या नोटिशीचं पुढं काही झालं नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? शोभाचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. ती नोटीस हातात घेऊनच खाली आली.

सगळी कॅन्टीन तिच्याभोवती जमली. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. तात्यांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. मी कोपऱ्यात उभी होते, माझ्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. मी तडक जिना चढून वर गेले.

"साहेब, अर्ज माझ्या हातचा हाय. निम्म्या सह्या मी घेतल्यात. मलाबी नोटीस पायजे."

साहेबांनी दोनदा विचारलं. मी तिथंच उभी राहिले. शेवटी त्यांनी टाइप करून दिली.

कागद घेऊन खाली आले तर सगळे उठून उभे राहिले. शोभा धावत आली, गळ्यात पडून रडायला लागली.

"माझ्यासाठी गेलीस तू, मंगल. सख्खी बहीण नसती गेली."

मी तिच्या खांद्यावरून तिच्या हातातल्या कागदाकडं बघत होते. तिची नोटीस दोन पानी होती. माझी एकच पानाची.