कागदाला लागलेलं कुंकू

मी एका अमेरिकन शिल्पकाराच्या प्रिंटला कुंकू लावलं. काचेला नाही, थेट कागदाला.

प्रिंट (हातानं छापलेलं अस्सल चित्र, झेरॉक्स नव्हे) माझी नव्हतीच. ॲन आर्बरला पीएचडी करत होतो, आणि तिथलं संग्रहालय विद्यार्थ्यांना सेमिस्टरपुरती चित्रं घरी न्यायला द्यायचं. बाकीच्यांनी फुलं नेली, समुद्र नेले. मी नेले काळे चौकोन, त्यांना छेदणारी दोन वर्तुळं आणि कोपऱ्यातून निघालेली एक तिरकी रेघ. शिल्पकार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीतला, जन्मभर लोखंड कापत आणि जोडत राहिलेला. कागदावरही त्यानं पत्रा कापल्यासारखेच आकार ठेवले होते. मी पडलो मेकॅनिकलवाला. मला ते मशीनचं ड्रॉइंग वाटलं आणि पहिला आठवडा मी त्यातल्या चुका काढण्यात घालवला.

मग एका सकाळी, चहा पिता पिता त्या वर्तुळांकडे बघत असताना, चार महिने अडलेला माझा सांधा सुटला. संशोधनातला, गुडघ्यातला नव्हे.

त्यामुळे दसऱ्याला टेबलावर लॅपटॉप, पाना आणि मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या शेजारी प्रिंटही मांडली. कामाला आलं ते हत्यार! आईला फोटो पाठवायचा होता, पण काचेत माझंच थोबाड दिसत होतं. म्हणून मागचे स्क्रू काढले, काच बाजूला ठेवली. मग ओल्या बोटानं ओळीनं कुंकू लावत सुटलो. लॅपटॉप, पाना, व्हर्नियर, प्रिंटचा कोपरा. बोट थांबलंच नाही.

माझा नागपूरचा रूममेट धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वंदनेसाठी पांढरा शर्ट इस्त्री करत होता. तो वळला.

"काय करून बसला बे?"

मी घाईनं रुमालानं पुसलं. टिळ्याचा फराटा झाला.

"आता हात लावशील तर हातच तोडीन," त्यानं इस्त्री उचलून सांगितलं.

मराठी ग्रुपवर विचारलं. एका काकूंनी लिंबू सुचवलं, एका काकांनी थिनर. एक मित्र म्हणाला, "बाकीच्या तीन कोपऱ्यांतही ठिपके दे यार, मॉडर्न आर्ट आहे, कोणाला कळतंय!" खरं सांगतो, कुंकवाची डबी मी हातात घेतली होती. पण ती तिरकी रेघ बघितली. त्या माणसानं ती नेमकी जिथे हवी तिथेच थांबवली होती. तिथे माझी आणखी भर नको. ठरवलं, आत्ता निघायचं आणि खरं तेच सांगायचं. मला पुन्हा चित्र मिळालं नाही तरी बेहत्तर, पण हा कागद वाचलाच पाहिजे.

"वंदना संध्याकाळी आहे. चल," रूममेट म्हणाला. बसमध्ये आम्ही दोघं ती प्रिंट पूजेच्या ताटासारखी आडवी धरून बसलो. लोक वाकून बघत होते.

संग्रहालयात कागदाची दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी भिंग डोळ्याला लावलं.

"काच कुणी काढली?"

"मी."

"रंग कुणी लावला?"

"मी." कुंकू काय असतं, दसऱ्याला का लावतात, ग्रुपवर कुणी लिंबू सुचवलं, सगळं सांगितलं. डबीही पुढे केली.

"आणि हे पसरवलं कुणी?"

"तेही मीच."

रूममेट छताचं निरीक्षण करत होता.

बाईंनी मऊ ब्रश घेतला, मग खोडरबराचा भुगा. आम्ही तासभर बाकावर बसून राहिलो. बाई शेवटी म्हणाल्या, "लगेच आणलंत म्हणून वाचलं. थोडी गुलाबी छटा आहे, तीही काढू. लिंबू लावलं असतंत तर कागद गेला असता."

मी उठून उभा राहिलो. "पुढच्या सेमिस्टरला मी हीच प्रिंट पुन्हा मागणार आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर त्याच्या पुढच्या सेमिस्टरला मागेन."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमचं संशोधन कशावर आहे?"

"नाजूक वस्तू न बिघडवता उचलणारा यांत्रिक हात."

"छान," बाई म्हणाल्या. "मग प्रिंट न्यायला त्यालाच पाठवा. तुम्ही येऊ नका."