निवायला ठेवलेली काच

हातखंब्याला ट्रकमधून बाटल्या उतरवून घेत होतो, तेव्हा अनंता गेल्याचा निरोप आला. तोंडातून पहिलं निघालं, "असा कसा गेला? माझ्याशी न बोलता?"

पावसाळ्यापासून आमचं बोलणं बंद होतं. मी भंगारवाला, फुटक्या बाटल्यांवर धंदा उभा केलेला. अनंता मुंबईचा काचकारखाना सोडून गावी आला आणि कातळावर भट्टी बांधून आपल्या मनाचे दिवे फुंकू लागला. काच माझी, फुंकर त्याची. माझ्या हिरव्या सोडाबाटल्यांचा त्याने केलेला दिवा लावला, की भिंतीवर जयगडच्या खाडीचं पाणी हलल्यासारखं वाटे.

चिपळूणच्या एका हॉटेलवाल्याला मी शब्द देऊन बसलो : प्रत्येक टेबलावर एकसारखा दिवा. अनंता म्हणाला, "मेल्या, माज्या तोंडात साचा हाय काय? दोन फुंकरी सारख्या येत नाहीत."

"मग मी बाजारात तोंड कसं दाखवू?"

"तुजं तोंड तरी रोज सारखं असतं काय?"

भट्टीवरची माणसं हसली. मी उठून आलो. माझा शब्द खाली पडला तो त्याच्यामुळे, हे मी आजही म्हणतो.

फुंकलेली काच तो दुसऱ्या, कोमट भट्टीत निवायला ठेवी. घाई केली तर ती वरून धड दिसते आणि मागाहून आपसूक तडकते. म्हणून ते दार त्याच्याशिवाय कुणी उघडायचं नाही.

बाराव्याला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी यांना सारखी सांगायचे, जा, बोला भाऊजींशी. तर म्हणायचे, तो तापलाय, निवू दे. आत्ता हात लावला तर तडकेल."

आणि मी, तो येईल म्हणून थांबलेला... माणसाला कुणी काचेचे नियम लावतं? आला असता तर दोन शिव्या घातल्या असत्या, मग चहा पाजला असता.

परवा त्याची अवजारं विकत घ्यायला एकजण आला. वहिनींनी बोलणी माझ्यावर सोपवली. मी असा भाव सांगितला, की तो चपला घालून चालू लागला.

"भाऊजी, या भावानं कोण घेईल?"

"थोडं थांबू," मी म्हटलं.

भाव सांगताना उचललेली फुंकनळी अजून माझ्या हातात होती. तिचं पितळी तोंड त्याच्या ओठांनी एका बाजूला झिजलं आहे. ती मी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.