राहिलेले हुरडे

कोवळी ज्वारी भाजल्याचा वास आला की मला तरक्कीचा हुकूम आठवतो. मी बीडच्या कचेरीत कारकून होतो आणि औरंगाबादला वरची जागा मिळाली होती. हुकूम घेऊन गावी चकलांब्याच्या आमच्या शेतात गेलो, तर हुरडा भाजायच्या आगटीतली राख थंड झालेली. "हुरडा सरला लेका, दाना टणक झाला," वडील म्हणाले. "तुझं हे लागोपाठ चौथं साल हुकलं. मी सत्तरीचा. अजून किती हुरडे खाईन, तूच मोज, कारकून हायस." मी मोजले, हुकूम परत केला आणि गावाजवळची धाकटी जागा मागून घेतली. "तरक्की कोण सोडतं बे?" कचेरीतला वरचा कारकून, पेशकार, हसला. "मोजून सोडतो," मी म्हणालो. आज पन्नाशीत मागचं पाहतो, तर वडिलांना पुढे नऊ हुरडे मिळाले, आणि नऊही वेळा गरम कणसं मी चोळून दिली.