आईने लाँचवर चढताना चपला काढल्या

परवा इथे विचारलं होतं, पावसाळा सरल्यावर मुंबईत आईला काय दाखवू? तुम्ही संग्रहालय, राणीची बाग, गरबा असं बरंच सुचवलंत. आई मात्र म्हणाली, "समुद्रच दाखव. हितला काय निराळा हाय तो बघू."

मला नवल वाटलं. माझ्या बाबांची मासेमारीची होडी होती. ते वैशाखात गेले, तेव्हापासून आई होडीत बसलेली नाही. मुरुडहून दिघीला मामाकडे जातानाही खाडीतली फेरीबोट टाळून ती एसटीने लांबचा वळसा घेते.

आज दुपारी गेटवेला आम्ही लाँचच्या रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली आणि आई थांबली. वाटलं, आता मागे फिरणार. तिने वाकून चपला काढून हातात घेतल्या.

लाँचवरचा माणूस म्हणाला, "मावशी, चपला घाला. फळ्या तापल्यात."

"होडीत चपला घालून कोन चढतं? लक्ष्मी हाय ती." मग तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. "तुला येगळं सांगू?"

मीही बूट काढले. पाय चांगलेच भाजले.

लाँच सुटली तशी तिने पदराने डोळे पुसले. मग चालवणाऱ्याकडे बघत हळूच म्हणाली, "तुझ्या बापानं बरी चालवली असती."

उतरल्यावर चपला घालताना म्हणाली, "दिवाळीत मामाकडं बोटीनंच जाऊ. एसटीत कंबर मोडते."

तुमच्याकडे माणूस गेल्यावर थांबलेली एखादी गोष्ट पुन्हा कशी सुरू झाली?