पाटावरची पुस्तकं

काल जुनी ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाने मी ऐंशी सालच्या सुमाराच्या आंजीत, आमच्या गावी पोचलो. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. दसऱ्याला माझी पुस्तकं आणि आमच्या विहिरीचा पंप सांभाळणाऱ्या महादू मिस्त्रींचे नटबोल्ट आवळायचे पाने आईने एकाच पाटावर पुजले. दुसऱ्या दिवशी पान्यावरचं कुंकू पुसत मिस्त्री म्हणाले, “बाबू, नव्या पंपाचं इंग्रजी पुस्तक आलं हाय. मले समजावून सांगजो.”

“काका, माझं शिकणं संपलं आता.”

“काऊन? माह्यं तं सुरूच हाय.”

मी रुबाबात पुस्तकं ट्रंकेत भरली. पुढे नोकरीत प्रत्येक नव्या यंत्रापुढे माझी फजिती झाली, आणि कॉलेजने जन्मभर शिकत राहायला शिकवलं नाही, अशी तक्रार करत मी घरातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं. काल पाहिलं, पुस्तकांवरचं कुंकू अजून तसंच होतं.